संगणकावरील खेळ : रेकॉर्डिंग व थेट प्रक्षेपणाचे साधन कसे निवडावे?

मैदानावर खेळणाऱ्यास प्रेक्षक आपोआप मिळतात. संगणकापुढे बसून खेळणाऱ्यास ते मिळवावे लागतात. त्यासाठी खेळ चालू असताना पडद्यावरील चित्र आणि आवाज टिपून ठेवावा लागतो, किंवा त्याच क्षणी इंटरनेटवरून दूरच्या माणसांपर्यंत पोहोचवावा लागतो. पहिल्या क्रियेस रेकॉर्डिंग म्हणतात, दुसरीस थेट प्रक्षेपण अथवा स्ट्रीमिंग. मुख्यतः खेळांच्या प्रक्षेपणास वाहिलेले ट्विच हे संकेतस्थळ जून २०११ मध्ये सुरू झाले आणि २०१४ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले. एवढ्यावरून या नव्या उद्योगाचा व्याप ध्यानात यावा.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी वडीलधारी माणसे विचारतील. इंदूर येथे जन्मलेले व नाशिकला वाढलेले बुद्धिबळपटू ग्रँडमास्टर विदित गुजराथी हे २०२० च्या टाळेबंदीच्या काळात समय रैना यांच्याबरोबर यूट्यूबवर बुद्धिबळाचे डाव थेट दाखवीत असत. पटापुढे कधी न बसलेल्या अनेक तरुणांना त्यामुळे या खेळाची गोडी लागली आणि त्या कार्यक्रमांतून समाजकार्यासाठी निधीही जमला. तेव्हा ही केवळ रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असे समजण्याचे कारण नाही.

आज आपल्या सभासदांच्या कित्येक घरी मुलगा, मुलगी किंवा नातू असे काही करू पाहतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनाचा. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? त्यास पैसे मोजावे काय? घरातल्या संगणकास ते झेपेल काय? आणि घरातील खाजगी गोष्टी नकळत चव्हाट्यावर तर येणार नाहीत ना? मुलांना यांतील पहिला प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आईवडिलांना शेवटचा. दोघांचेही समाधान व्हावे अशा बेताने हा विषय येथे मांडला आहे. सगळ्या विवेचनाचे सार आरंभीच सांगून टाकतो : साधनाची कीर्ती पाहून निवड करू नये, आधी आपला हेतू ठरवावा, मग आपले यंत्र पाहावे, आणि साधन शेवटी निवडावे. या क्रमाने गेल्यास बहुतेक घरांना एक रुपयाही खर्चावा लागत नाही.

आत काय घडते?

पडद्यावरील चित्र जसेच्या तसे साठविणे व्यवहारात अशक्य आहे. हल्लीच्या सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास ३ बाइट आणि सेकंदास ६० चित्रे धरली, तर दर सेकंदास सुमारे ३७३ मेगाबाइट मजकूर तयार होतो. तासाभराच्या खेळास १,३०० गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. म्हणून एका चित्राचे मागच्या चित्राशी असलेले साम्य ओळखून केवळ फरक तेवढा टिपणारी युक्ती वापरतात. हे काम करणाऱ्या भागास एन्कोडर म्हणतात. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ ही पद्धत अजूनही सर्वाधिक चालते; तीपेक्षा नव्या एचईव्हीसी व एव्ही१ या पद्धती कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देतात, पण त्यांना नवे यंत्र लागते.

हे काम कोणाकडून करवून घ्यावयाचे, यावर बरेच काही अवलंबून असते. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करवून घेतले, तर खेळास लागणारी शक्ती त्यात वाटली जाते आणि खेळ अडखळू लागतो. यावर उपाय म्हणून यंत्र बनविणाऱ्यांनी एन्कोडरचे स्वतंत्र भागच आपल्या चिपांत बसविले. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने, तर एनव्हिडियाने २०१२ मध्ये एनव्हेंक या नावाने ही सोय दिली. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांतही ती असते. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर निवडले तरी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन असा यंत्रातील एन्कोडर निवडलेला आहे ना, हे प्रथम पाहावे. ‘सॉफ्टवेअर वाईट आहे’ म्हणून ऐकू येणाऱ्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या एका खुणेत असते.

प्रथम घरात काय आहे ते पाहावे

बाजारात जाण्यापूर्वी गृहिणी जशी घरातले डबे उघडून पाहते, तसे येथेही करावे. विंडोज १० व ११ या प्रणालींत गेम बार नावाचे साधन मुळातच असते. विंडोजची कळ व जी हे अक्षर एकत्र दाबले की ते उघडते; विंडोज, ऑल्ट व आर या तीन कळा एकत्र दाबल्या की रेकॉर्डिंग सुरू होते आणि पुन्हा दाबल्या की थांबते. एका वेळी एकाच प्रोग्रामचे चित्र ते घेते. डेस्कटॉप किंवा फायलींची खिडकी ते टिपीत नाही. ही मर्यादा खरी, पण घराच्या खाजगीपणाच्या दृष्टीने तीच सोय ठरते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही गोष्ट तो वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

एनव्हिडियाचे कार्ड असल्यास शॅडोप्ले म्हणून २०१३ पासून ओळखली जाणारी सोय एनव्हिडिया अ‍ॅपमध्ये मिळते. तिच्यातील मोठी मौज अशी की, खेळ चालू असताना मागची काही मिनिटे सतत तात्पुरती टिपली जातात आणि काही विशेष घडल्यावर एक कळ दाबली की तेवढाच भाग कायमचा साठविला जातो. चार तासांच्या खेळातून दहा सेकंद शोधीत बसण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. यूट्यूब व ट्विचकडे थेट प्रक्षेपण करण्याची सोय कंपनीच्या आधीच्या साधनात होती, ती नव्या अ‍ॅपमध्ये ठेवलेली नाही. एएमडीने अशीच रेकॉर्डिंगची सोय डिसेंबर २०१६ मध्ये रिलाइव्ह या नावाने आणली. आज ती अ‍ॅड्रेनलिन या सॉफ्टवेअरचा भाग आहे. स्टीम या दुकानातून खेळ घेणाऱ्यांना तर नोव्हेंबर २०२४ पासून स्टीममध्येच रेकॉर्डिंगची सोय मिळू लागली आहे.

ज्याला केवळ आपला चांगला डाव मित्रांना किंवा भावंडांना दाखवावयाचा आहे, त्याने या साधनांपलीकडे जाण्याचे कारण नाही. ही सर्व विनामूल्य आहेत, संगणकास फारसा भार देत नाहीत आणि शिकावयास दहा मिनिटे पुरतात.

ओबीएस स्टुडिओ

हेतू याहून मोठा असेल, म्हणजे थेट प्रक्षेपण करावयाचे असेल, खेळाबरोबर आपला चेहरा कोपऱ्यात दाखवावयाचा असेल, वर नाव किंवा गुणफलक लावावयाचा असेल, तर ओबीएस स्टुडिओ या साधनाकडे वळावे. ह्यू बेली या प्रोग्रामरने ते २०१२ मध्ये सुरू केले. ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यास वर्गणी नाही, चित्रावर कंपनीचा शिक्का उमटत नाही आणि वेळेची मर्यादा नाही.

त्याची रचना नाटकाच्या रंगमंचासारखी आहे. प्रत्येक ‘सीन’ म्हणजे एक प्रवेश. त्या प्रवेशात दिसणारी पात्रे व नेपथ्य म्हणजे ‘सोर्स’. खेळ हा एक सोर्स, कॅमेरा दुसरा, मायक्रोफोन तिसरा, नावाची पाटी चौथा. एका सीनमध्ये ‘थोड्याच वेळात सुरू करीत आहोत’ एवढीच पाटी ठेवावी, दुसऱ्यात खेळ व चेहरा, तिसऱ्यात केवळ चेहरा. आणि कार्यक्रम चालू असताना एका कळीने पडदा पाडून दुसरा उघडावा. आवाजाचे सहा निरनिराळे ट्रॅक ठेविता येतात. खेळाचा आवाज एकावर व बोलणे दुसऱ्यावर ठेवले, तर बंदुकांच्या आवाजात बुडालेले बोलणे मागाहून वर काढता येते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्यांदा उघडणाऱ्यास रिकामा काळा पडदा व पुष्कळ बटणे दिसतात आणि तो बावरतो. अशा वेळी आरंभीच येणारा स्वयंचलित जुळणीचा मार्गदर्शक वापरावा. रेकॉर्डिंग करावयाचे की प्रक्षेपण, हे विचारून तो यंत्रास मानवतील अशी सेटिंग सुचवितो. लॅपटॉपवर कधी कधी खेळाच्या जागी नुसता काळोख दिसतो. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा असतात, तेथे खेळ एकीवर व ओबीएस दुसरीवर चालत असल्याने असे होते. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये दोन्ही एकाच चिपेवर आणल्यास हा दोष बहुधा जातो. फार जुन्या संगणकांची गोष्ट वेगळी : २०२२ साली निघालेल्या २८ व्या आवृत्तीपासून ओबीएसने विंडोज ७ व ८ यांचा आधार सोडला आहे.

पैसे मागणारी साधने

स्ट्रीमलॅब्ज डेस्कटॉप हे ओबीएसच्याच पायावर उभे आहे. सजावटीचे तयार नमुने व देणगीच्या सूचना त्यात आयत्या मिळतात. मूळ साधन विनामूल्य असून अधिक सोयींस वर्गणी पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओबीएसच्या कर्त्यांनी आपल्या नावाच्या वापराबद्दल जाहीर हरकत घेतल्यावर या कंपनीने आपल्या साधनाच्या नावातून ‘ओबीएस’ ही अक्षरे काढून टाकली. एक्सस्प्लिट हेही जुने व नेटके साधन आहे, पण त्याच्या पूर्ण सोयी पैसे भरणाऱ्यासच मिळतात. बँडिकॅम रेकॉर्डिंगसाठी सोपे आहे. विकत न घेता वापरल्यास मात्र चित्रावर त्याचे नाव उमटते आणि एक रेकॉर्डिंग १० मिनिटांतच थांबते. एके काळी गाजलेल्या फ्रॅप्सची नवी आवृत्ती २०१३ नंतर निघालेली नाही. जुन्या सल्ल्यावर विसंबून आज त्यासाठी पैसे देणे शहाणपणाचे नव्हे.

पैसे मागणारे साधन वाईटच असते असे नाही. वेळ वाचविण्यासाठी पैसे देणे हा एक रास्त व्यवहार आहे. परंतु जे काम विनामूल्य साधनाने होत नाही असे नेमके कोणते काम आपणास करावयाचे आहे, हे मुलाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर वर्गणीची घाई करू नये. तेवढ्या पैशात बरा मायक्रोफोन घेतल्यास अधिक लाभ होईल. कारण अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतात, खरखरणारा आवाज करीत नाहीत.

इंटरनेटचा हिशेब

थेट प्रक्षेपणास डाउनलोडचा वेग कामाचा नसून अपलोडचा वेग लागतो. इंटरनेटच्या जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो, म्हणून दुसरा स्वतः मोजून घ्यावा. यूट्यूबच्या मार्गदर्शनानुसार एच.२६४ पद्धतीने ७२० ओळींचे, सेकंदास ३० चित्रांचे प्रक्षेपण करण्यास सुमारे ४ मेगाबिट, ६० चित्रांस ६ मेगाबिट, तर १०८० ओळींच्या ६० चित्रांस १२ मेगाबिट वेग लागतो. मोजलेल्या वेगाचा पाऊण भागच वापरावा, उरलेला चढउतारासाठी राखावा. म्हणजे ४ मेगाबिटच्या प्रक्षेपणास किमान साडेपाच-सहा मेगाबिटचा अपलोड हवा. खर्चही मोजावा : ४ मेगाबिटने तासाला १.८ गिगाबाइट, तर १२ मेगाबिटने ५.४ गिगाबाइट डेटा जातो. मोबाइलच्या डेटावर दररोज दोन तास प्रक्षेपण करू इच्छिणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा.

बुद्धिबळासारख्या खेळात चित्र फारसे हलत नाही. तेथे ७२० ओळी व ३० चित्रे उत्तम दिसतात. धावपळीच्या व नेमबाजीच्या खेळात मात्र चित्र क्षणोक्षणी बदलते आणि कमी वेगात ते फाटल्यासारखे दिसते. शक्य तेथे वायफायऐवजी तारेने जोडणी करावी.

वीज गेली तर?

वीज केव्हाही जाऊ शकते, हे धरूनच चालावे. साध्या एमपी४ प्रकारात रेकॉर्डिंग करताना फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच संगणक बंद पडला तर ती लिहिली जात नाही आणि दोन तासांचे काम उघडेनासे होते. एमकेव्ही या प्रकारात तसे होत नाही. वीज जाईपर्यंतचा भाग सुरक्षित राहतो. ओबीएसमध्ये एमकेव्हीत रेकॉर्डिंग करून मागाहून त्याच्याच फाइल मेनूतून काही क्षणांत एमपी४ करून घेता येते, व त्यात चित्राचा दर्जा मुळीच घटत नाही. २०२४ मध्ये त्यात हायब्रिड एमपी४ हा अशा अपघातातही टिकणारा प्रकार आला आहे. डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, हेही आधी पाहावे.

घराची काळजी

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे वळू. ओबीएसमध्ये संपूर्ण पडदा टिपण्याची, एक खिडकी टिपण्याची आणि केवळ खेळ टिपण्याची अशा तीन वेगळ्या सोयी आहेत. संपूर्ण पडदा टिपला, तर बँकेचा संदेश, आजोबांच्या औषधांची चिठ्ठी किंवा कोणाचे पत्र पडद्यावर येताच ते जगास दिसेल. म्हणून खेळच टिपावा. बुद्धिबळासारखा ब्राउझरमधील खेळ असेल तर तेवढी एकच खिडकी टिपावी. कॅमेऱ्यामागे शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, देव्हाऱ्याजवळ बसलेली माणसे दिसत नाहीत ना, तेही पाहावे.

प्रक्षेपणासाठी यूट्यूब किंवा ट्विच जी गुप्त किल्ली देते, ती घराच्या कुलपाच्या किल्लीइतकीच जपावी. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर तो आपल्या नावाने हवे ते दाखवू शकतो. चुकून दिसलीच तर ताबडतोब नवी करून घ्यावी.

यूट्यूबने थेट प्रक्षेपणासाठी किमान वय २२ जुलै २०२५ पासून १६ वर्षे केले आहे. त्याहून लहान मुलांबरोबर प्रक्षेपणात मोठे माणूस दिसले पाहिजे. पहिल्या प्रक्षेपणाची परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशीच खाते उघडू नये. प्रक्षेपण सर्वांसाठी खुले न ठेवता केवळ दुवा मिळालेल्यांनाच पाहता येईल असेही करता येते. नातवाचा डाव पुण्याच्या मावशीने आणि परदेशातल्या काकांनी पाहावा एवढाच हेतू असेल, तर हाच मार्ग उत्तम. पार्श्वभूमीला सिनेमाची गाणी लावू नयेत. हक्काच्या प्रश्नावरून प्रक्षेपण बंद पडते. आणि जुगाराच्या स्वरूपाच्या ‘पैशाच्या खेळांची’ जाहिरात करण्याचे आमिष कोणी दाखविल्यास त्यास दूर ठेवावे. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्यात असे खेळ व त्यांची जाहिरात या दोहोंवर बंदी आहे.

शेवटची सावधगिरी साधन मिळविण्याच्या वेळची. २०२३ च्या आरंभी ओबीएसच्या नावाच्या खोट्या जाहिराती शोधयंत्रात झळकल्या होत्या आणि त्यांवर बोट ठेवणाऱ्यांच्या संगणकांत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम शिरले. तेव्हा जाहिरातीवरून नव्हे, तर ओबीएस प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ते घ्यावे.

तात्पर्य

ज्यास केवळ आठवण म्हणून डाव जपावयाचा आहे, त्याने गेम बार किंवा ग्राफिक्स कार्डाबरोबर आलेले साधन वापरावे. ज्यास थेट प्रक्षेपण करावयाचे आहे व शिकण्यास चार संध्याकाळी देण्याची तयारी आहे, त्याने ओबीएस घ्यावे. ज्यास सजावट आयती हवी आहे, त्याने स्ट्रीमलॅब्जचा विनामूल्य भाग पाहावा. काही झाले तरी प्रेक्षकांपुढे जाण्याआधी दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग करून ते स्वतः, आवाजासह, शेवटपर्यंत पाहावे; निम्मे दोष तेथेच सापडतात.

ओबीएससंबंधी एक गोष्ट न्यासाच्या या अंकात सांगण्याजोगी वाटते. ते जीपीएल या परवान्याखाली खुले ठेवलेले आहे. म्हणजे ते कोणीही वापरावे, त्याची घडण कोणीही तपासावी, सुधारावी व वाटावी. मात्र सुधारलेली वस्तू वाटताना तीही तशीच खुली ठेवावी. ते चालते स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि देणग्यांवर व प्रायोजकांच्या साहाय्यावर. आपल्या पूर्वजांनी वर्गणी जमवून जी सार्वजनिक कार्ये उभी केली, त्यांच्याशी या व्यवस्थेचे नाते जवळचे आहे. आपल्या मुलांनी हे साधन वापरताना ते कोणाच्या तरी निरपेक्ष कष्टाचे फळ आहे हे जाणावे. मुलांचा हात त्यावर बसला, म्हणजे न्यासाची व्याख्याने, गणेशोत्सवातील नाटके व वृद्ध सभासदांच्या मुलाखतीही याच साधनाने टिपून ठेविता येतील आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना त्या घरबसल्या पाहता येतील.